साहेबांचं एक्स्प्लेन

मोहोपाडा, मंगळवार, १३ ऑगस्ट १९७४

किळस आली आज. ड्यूटीवर नव्हतास, एक्स्प्लेन कर, असा मेमो साहेबांनी आमच्या ऑफिसातल्या शिपायाला, गंगारामला दिला. टाइप मीच केला होता. त्यानं 'एक्स्प्लेन'चा अर्थ विचारला. म्हटलं, "काय झालं ते स्पष्ट सांगायचं."

त्यानं केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सायेब, बाईसायबांनी बंगल्यावर बोलावलं व्हतं. तुमच्याच कुत्र्याला आंघोळ घालीत व्हतो."

साहेब ओरडले, "एक्स्प्लेन करायला सांगितलं, उलट बोलायला नाही!"

म्हणजे नुसती माफी मागायची? मग तसं लिहा ना! कुठल्या डिक्शनरीत आहे हा अर्थ? गंगाराम सस्पेंड. थू!

ऑफिस सुटल्यावर मी आणि गंगाराम साहेबांच्या बंगल्यासमोरून चाललो होतो, तर तोच कुत्रा शेपटी हलवत आला आणि गंगारामचे हात चाटू लागला. साहेब व्हरांड्यातच उभे होते. आता कुत्र्यालाही मेमो द्या म्हणावं.