आता मी माझ्या पाट्या वाचतो

तीर्थरूप ताईला धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तू दिवसातून दोनदा चढत असणार.) भावोजींच्या खोकल्याची चौकशी केली म्हणून सांग. आम्ही सगळे ठीक, आणि मी तर ठीकच्या बराच वर आहे, कारण तुझा भाऊ एकोणसाठाव्या वर्षी इंग्रजी वाचायला शिकला.

दचकू नकोस. एकतीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यात निम्म्या इंग्रजी. तेव्हा मला इंग्रजी येतं असं सगळे धरून चालले, तूही, आणि मी कुणाचाच गैरसमज मोडला नाही. खरं सांगतो, मी चित्रं काढत होतो. गिऱ्हाईक कागद द्यायचं, मी तो मोठा करून पाटीवर उतरवायचो. एस म्हणजे माझ्या लेखी दोन वळणं आणि नाजूक कंबर. तो बोलतो हे मला माहीतच नव्हतं. आता शिडी चढवत नाही. सूनबाई बाहेरच्या खोलीत शिकवणीच्या पोरांना इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवते, ते आतून ऐकत बसायचो. एके दिवशी लाज गुंडाळून मागच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारीण सहा वर्षांची आणि फार कडक. (माझा स्स चुकला की डोळे वटारते, पण पुढचे दोन दात पडल्यामुळे तिचा स्वतःचाच स्स हवेत जातो.)

तिथे कळलं, की या अक्षरांचं नाव एक आणि काम दुसरं. एस एकटा असला की स्स करतो, शेजारी एच आला की दोघं मिळून श म्हणतात. तोच एच पीला चिकटला की पी आपला आवाज सोडून फ म्हणतो. काही ठिकाणी के नुसताच उभा, तोंडातून ब्र नाही. अशा मुक्या केलाही मी इतकी वर्षं इतरांइतकाच रंग दिला, वर सावली काढली! राग आला, पण सूनबाईने न चिडता पुन्हा पुन्हा सांगितलं आणि आठ महिन्यांत आवाज जुळायला लागले. मला तिचा फार अभिमान वाटतो. (माझाही वाटतो, पण ते तू म्हणायचंस.)

परवा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्या पाट्या वाचायला बाहेर पडलो. चपलांचं दुकान झालं, छापखाना झाला, दातांच्या डॉक्टरांच्या दारात अडलो. पाटीवर 'फॅमिली' होतं, आणि सूनबाईची शिस्त अशी, की ॲ म्हणताना जबडा पूर्ण उघडायचा, गालाला हात लावून पाहायचा. मी तसा ॲ ॲ करत उभा. तेवढ्यात दवाखान्यातल्या बाई धावत आल्या, दंड धरून मला आत नेलं, खुर्चीत आडवं केलं. तोंडात आरसा घातल्यावर माणूस काय खुलासा करणार? आरसा निघाल्यावर म्हटलं, पाटी वाचत होतो. डॉक्टर म्हणाले, "अहो, ती तुम्हीच तर रंगवलीत!" मी म्हणालो, "रंगवली तेव्हा. वाचली आज." मग मला बाहेर नेऊन त्यांनी अख्खी पाटी, पत्त्यासकट, मोठ्याने वाचायला लावली. वाचली, ताई. एकही अक्षर न गाळता वाचली.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. दाढ खरंच किडली होती. गुरुवारी काढणार आहेत.

आणखी एक. भाचीला मागणी घालणारं जावईबापूंचं इंग्रजी पत्र सतरा वर्षांपूर्वी तू माझ्यापुढे ठेवलं होतंस. घरात इंग्रजी येणारा तूच, म्हणालीस. मी चष्मा लावून दोन्ही पानं पाहिली आणि मुलगा उत्तम आहे, होकार कळव, असं सांगून मोकळा झालो. ओळी सरळ होत्या आणि समास नीट सोडला होता, एवढंच मी पाहिलं होतं. चुकलो, ताई. तेव्हापासून भाचीचा फोन आला की मी आधी जावईबापू कसे वागतात ते विचारतो. ते पत्र ठेवलं असशील तर पाठव. या वेळी खरंच वाचतो. फक्त त्यात काही वावगं निघालं, तर तुला कळवू की पुन्हा उत्तम आहे म्हणू, ते आधी सांगून ठेव.