चंद्रीच्या शिंगावरचा नंबर

सोमवार, ४ एप्रिल १९८३
आजपासून चाकूरच्या गुरांच्या छावणीचा चार्ज माझ्याकडे. लातूर जिल्हा वेगळा झाल्यापासून आम्हा कारकुनांची वाटणी चालू आहे. कोण लातुरात राहणार, कोण उस्मानाबादला परत जाणार. शनिवारी कलेक्टरसाहेब छावणी बघणार, मग यादी निघणार. मला लातूर हवंय. फार हवंय. ऐन दुष्काळात तिथं नळ असलेली खोली मिळालीय!

काम किरकोळ. शिंगावर लाल रंगानं नंबर टाकायचे. जनावरं २१५.

बुधवार, ६ एप्रिल
२१४ झाली. बैलांनी हूं की चूं केलं नाही. जनावरांना माझा हात कळतो. उरली चंद्री, सरजाबाईंची देवणी गाय. नुकतीच व्यालेली. काजळ घातल्यासारखे डोळे, स्वभावानं अगदी गरीब. सरजाबाई म्हणाल्या, सायेब, ती बाप्याला जवळ येऊ देत न्हाई, मी टाकते नंबर. म्हटलं, सरकारी रंग आहे, सरकारी माणसानंच टाकायचा.

सायंकाळी ५
चंद्रीनं मला बाभळीवर चढवलं. म्हणजे मीच चढलो. वरून छावणीचं इन्स्पेक्शन उत्तम होतं.

गुरुवार, ७ एप्रिल
गूळ नेला. तो तिनं खाल्ला, मग मला उडवलं. प्रगती आहे. काल नुसतंच पळवलं होतं.

उजव्या कुशीवर झोपणं बंद.

शुक्रवार, ८ एप्रिल
सरजाबाईंचे मालक ग्यानोबा म्हणाले, बाई माहेरी गेली की म्या तिचं लुगडं नेसून धार काढतो, गाय लगेच पान्हा सोडती. हा उपाय शास्त्रीय वाटला. सरजाबाईंनी स्वतःचं वापरातलं लुगडं देऊ केलं. शेणाचे डाग, घामाचा वास. कलेक्टरसाहेबांपुढं हे? बाजारातून तस्संच हिरवं, कोरं करकरीत आणलं. वासानं काय होतंय!

शनिवार, ९ एप्रिल, सकाळी ९
लुगडं नेसलो, पँटवरूनच. पदर झकास बसलाय. जीप यायच्या आत नंबर टाकून मोकळा. पाच मिनिटांचं काम.

दुपारी २
जीप आली तेव्हा मी पुढं, चंद्री मागं. छावणीला दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत लुगडं तिच्या शिंगात राहिलं आणि मी टँकरखाली. साहेब जीपमधून उतरलेच नाहीत. त्या बाई कोण, एवढंच त्यांनी विचारलं म्हणे.

सरजाबाई आल्या, हो गं माय म्हणाल्या, चंद्री थांबली. ब्रश घेऊन नंबर त्यांनीच टाकला. पाचाचं पोट कोणत्या अंगाला, हे मात्र मला विचारावं लागलं. टँकरखालून मी योग्य ते मार्गदर्शन केलं. साहेबांनी हे पाहिलं असणारच.

मंगळवार, १२ एप्रिल
यादी आली. लातूर! जिंकलो! खोलीवर जाऊन नळ सोडून बघितला.

संध्याकाळी
यादीची खालची ओळ आत्ता वाचली. छावणीच्या मुकादम म्हणून सरजाबाईंची नेमणूक. सदर कारकुनानं पाऊस पडेपर्यंत छावणीतच मुक्काम करून त्यांच्या हाताखाली जनावरांचं काम शिकावं.

बुधवार, १३ एप्रिल
हजर झालो. सरजाबाईंनी चंद्रीचं शेण भरलेली पाटी माझ्या डोक्यावर दिली. रडू आलं. दोन्ही हात पाटीला होते, त्यामुळं डोळे पुसता आले नाहीत.