गच्चीवरच्या ड्रमाची व्यवस्था

मी, गौतम कुशाबा गमरे, वय अडुसष्ट, बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर, राहणार अरुणप्रभा सहकारी गृहनिर्माण संस्था, सातवा मजला, परळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाची एक झडप कामचुकार झाली असली तरी डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या धाकाने वा भुलवण्याने लिहीत नाही. उलट पत्नी कौसल्या म्हणते, "आत्तापासून कशाला ही निरवानिरव?" तिचं ऐकलं असतं तर हा कागद झालाच नसता. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात मिळालेली ही राहती जागा आणि बँकेतल्या ठेवी कौसल्येच्या. तिच्या पश्चात जागा राहुल आणि प्राची या माझ्या दोन्ही मुलांची, निम्मी निम्मी. प्राची लग्न होऊन वरळीला गेली म्हणून तिचा हक्क कमी होत नाही, हे नातेवाइकांनी नीट वाचून घ्यावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. ड्रिल मशीन, पान्यांचा संच, करवत आणि बाकी सगळी हत्यारं प्राचीला. राहुल इंजिनिअर आहे, पण त्याला नळाचा वायसर बदलता येत नाही. प्राचीला दहाव्या वर्षी येत होता.

३. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेला काच बसवून केलेली सौरचूल कौसल्येला. तिच्यात डाळ शिजायला तीन तास लागतात. "भूक लागायच्या आदल्या दिवशी सांगत जा," असं म्हणून कौसल्येने मला पुष्कळ चिडवलं, पण गॅस संपला तेव्हा भात तिनेच या चुलीत लावला होता. वॉशिंग मशीनचं पाणी पिंपात साठवून संडासात वापरण्यासाठी बसवलेला पाइप कोणी काढू नये. त्याचा व्हॉल्व्ह डावीकडे फिरतो; उजवीकडे जोर लावू नये.

४. आता गच्चीवरचा निळा ड्रम. चोरबाजारातून आणलेल्या बेअरिंगवर तो मी आडवा बसवला आहे, हँडलने फिरतो. ओला कचरा टाकायचा, वर दोन मुठी सुका पाला, दहा वेळा फिरवायचा. दोन महिन्यांत खत होतं, वास येत नाही. वास आलाच तर पाला कमी पडला असं समजावं.

या ड्रमापायी माझा मुलगा माझ्यापासून दुरावला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माझे वडील कुशाबा महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होते. ड्युटीवरून आले की चाळीच्या नळावर लाल साबणाने अंग घासल्याशिवाय आम्हा पोरांना जवळ घेत नसत. मी अकरा वर्षांचा असताना त्यांनी माझे दोन्ही तळवे धरले आणि म्हणाले, "ह्या हातांनी कचरा उचलायचा नाय. बोल." मी बोललो. धर्मांतरानंतर वर्षभरात जन्मलो म्हणून त्यांनी माझं नाव गौतम ठेवलं होतं. त्या नावाच्या मुलाने काय करू नये हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी मी ड्रम बसवला. आपल्या घरची देठं-सालं आपल्या हाताने मातीला परत द्यायची, यात वचन मोडत नाही असं मला वाटलं. महिनाभर सगळी घरं स्वतः वर येत होती. मग माझ्या दाराशी गाठ मारलेल्या पिशव्या दिसू लागल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला, तर तेव्हाचे सेक्रेटरी हसत म्हणाले, "गमरेकाका, तुमच्याकडे सवय आहे ना, तुम्हीच टाका की!" मीटिंग पुढच्या विषयाकडे वळली. राहुल माझ्या शेजारी बसला होता.

घरी येऊन तो म्हणाला, "आजोबांनी आयुष्यभर लोकांची घाण उचलली, ती आपण उचलू नये म्हणून. तुम्ही तीच परत दारात आणलीत." तो अँटॉप हिलला राहायला गेला. आईला भेटायला येतो, पण गच्चीवर कधी चढलेला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी अकरा पिशव्या अकरा घरी परत दिल्या. पिशवी कोणाची ते आतल्या सालांवरून कळतं. कोलंबी म्हणजे कमलाबाई. दार उघडून त्या म्हणाल्या, "अगो बाय! माका वाटला, सोसायटीन माणूस ठेवलो." मी म्हणालो, "माणूस ठेवलेला नाही. मी शेजारी आहे." त्या ओशाळल्या. दुखरा गुडघा घेऊन त्याच संध्याकाळी वर आल्या आणि ड्रम फिरवायला सोमवार मागून घेतला. तेव्हापासून गच्चीच्या दाराशी वारांचा तक्ता आहे.

५. ड्रम सोसायटीला देतो, एका अटीवर. प्रत्येकाने आपला कचरा आपल्या हाताने टाकावा आणि आपल्या वारी ड्रम फिरवावा. इतरांचा कचरा टाकायला पगारी किंवा बिनपगारी माणूस ठेवला, तर प्राचीने त्याच दिवशी बेअरिंग काढून न्यावं.

६. त्या सेक्रेटरींना एक मूठही खत देऊ नये, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. त्यांच्या तुळशीचा काय दोष? तुळशीपुरतं द्यावं.

७. माझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला थर्माकोलच्या पत्रावळ्या नकोत. स्टीलची ताटं आणावीत आणि ज्याचं ताट त्याने धुवावं. पाहुणे कुरकुरतील. कुरकुरू द्यावं.

८. राहुल, तुझा राग खरा होता. ड्रम मी तुला देत नाही, पण हे रागाने लिहीत नाही. बापाचं काम जन्माने मुलाच्या गळ्यात पडायचं, ते आपल्या लोकांनी फार सोसून मोडलं. मी ते मृत्युपत्राने परत सुरू करणार नाही. तुझ्या आजोबांनी हात धरून मला वचन मागितलं होतं. मी तुझ्याकडे काहीच मागत नाही.

सोसायटीला एवढंच सांगणं आहे. तक्त्यावर गुरुवार माझा आहे. माझ्या पश्चात वर्षभर तिथे कोणाचं नाव घालू नये, जागा मोकळी ठेवावी. कोणी आपणहून येऊन लिहिलं, तर लिहू द्यावं. पेन्सिल तक्त्याला दोरीने बांधलेली आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे. साक्षीदारांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. चहा मात्र मिळाला.

ठिकाण: परळ, मुंबई
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

(सही) गौतम कुशाबा गमरे

साक्षीदार:
१. (सही) प्रफुल्ल सीताराम परब, पाचवा मजला
२. (सही) प्रीती हितेंद्र सकपाळ, नववा मजला