शेवटची दोन पानं

आई, काल आमच्या निवृत्त बायकांच्या वाचनमंडळात मी फार बोलले. कादंबरी तीच होती, मी अकरावीत असताना तुला स्वयंपाकघरात सांगितलेली. त्या देशात एके सकाळी फर्मान निघतं: बायकांनी आपली पुस्तकं चौकीत जमा करायची आणि एकटीनं घराबाहेर पडायचं नाही. मंडळातली एक म्हणाली, "कहानी है भई, आपल्याकडे असं थोडंच होतं!" मी म्हटलं, "आपल्याकडे फर्मान कशाला लागतं? सासरे खाकरले तरी पुरतं." सगळ्या हसल्या. मला आजोबा आठवत होते. लग्नानंतर तू राजवाड्याजवळच्या वाचनालयात जायला निघालीस तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "घरात पंचांग आहे की." ती तुझी शेवटची फेरी, तीही उंबऱ्यापर्यंतच.

म्हणून तू माझ्याकडून ऐकायचीस. कॉन्व्हेंटच्या लायब्ररीतून मी पुस्तक आणायचे, तू पोळ्या लाटायचीस आणि मी पाटावर बसून इंग्रजीचं मराठी करत जायचे. मध्येच तू विचारलंस, "एकीनंही पुस्तक लपवलं नाही? वेड्याच आहेत." तुझा स्वतःचा फॉर्म बेसनाच्या डब्यामागे, फळीवरच्या कागदाखाली होता. शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा, वर्षभर भोपाळला राहावं लागणार होतं. मला तो सापडला होता, हे तुला ठाऊक नव्हतं.

शेवटाशी, नायिका मुलांना मागे ठेवून पळून नदीकाठी पोचते तिथं, मी दोन पानं एकदम उलटली. तुझं लाटणं थांबलं.

"पानं चिकटली होती का गं?"

"हो."

"मग? गेली का ती नदीपलीकडे?"

"नाही. मुलांसाठी परत आली."

तव्यावरची पोळी करपली होती. "आली का," तू म्हणालीस, "बरं झालं." आणि ती पोळी स्वतःच्या ताटात वाढून घेतलीस.

तू गेल्यावर फळी आवरताना फॉर्म त्याच जागी मिळाला. सगळा भरलेला, खाली तुझी सही. काल मी सासरे, नवरे, सरकारं, सगळ्यांना झोडपून काढलं. पानं उलटणाऱ्या मुलीबद्दल चकार शब्द काढला नाही. हा कागदही आता त्या फॉर्मशेजारी ठेवते.

ती परत आली नव्हती, आई. नदी ओलांडून गेली होती. मला भीती वाटली, शाळेतून घरी येईन आणि तू नसशील.