काळ्या गाडीवरचे डाग

२८ जुलै
श्रावण लागला आणि आमच्या घरात ताण सुरू. सर पाच मिनिटांची, मागोमाग कडक ऊन. लोकांना त्याचं कौतुक, ह्यांना धडकी. थेंब गाडीवर वाळला की पांढरं कडं उठतं, आणि गाडी काळीकुट्ट. घेताना मी पांढरी घ्या म्हणत होते. "काळ्यासारखा रंग नाय. फक्त सांभाळणारा पायजे," हे म्हणाले. गाडीला मिळाला बाई सांभाळणारा.

आज हे दोनदा जेवणावरून उठले. नियम आता मलाही पाठ झालेत. उन्हात धुवायची नाही. बोअरचं पाणी लावायचं नाही, ते जड, वाळलं की खडूसारखं बसतं. नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, ते प्यायला. म्हणून गच्चीच्या पाइपाखाली ड्रम; त्यातलं पावसाचं पाणी फक्त गाडीचं. मागं मी त्यातलं तांब्याभर तुळशीला घातलं तर तोंड फुगवून बसले होते. फडकं घासायचं नाही, ठेवायचं नि उचलायचं.

ह्यांची सगळी नोकरी वाळूजच्या कारखान्यात रंग तपासण्यात गेली. ट्यूबलाइटखाली मोटरसायकलची टाकी फिरवायची, सुईच्या टोकाएवढा डाग दिसला की बाजूला. "बाप डोंगरावरून मेंढरू ओळखायचा, मी डाग ओळखतो." हे ठरलेलं वाक्य. पाहुणा आला की एकदा तरी होतंच.

मनूचा सासरहून फोन आला. पिशोरला पाऊस बरा, अद्रक बरी. आठव्यात हलवायचं नाही, नववा लागला की न्या, म्हणते तिची सासू. म्हणजे पोळा झाला की रविवारी, २४ ऑगस्टला. पहिलं बाळंतपण, आपल्याकडंच. हे लगेच, "माझ्या गाडीत आणणार. मागं उशा लावून, राणीसारखी." पोरीचा विषय निघाला की चेहराच बदलतो.

३१ जुलै
शेजारचे सलीमभाई (शाळेची व्हॅन चालवतात) फाटकाशी थांबले. "काकी, काका की गाडी पे इत्ते धब्बे? कबी देखे नै मैं. तबीयत ठीक है ना उनकी?"

मी म्हटलं, पुसल्यावर पाऊस पडला असेल. ते गेल्यावर जाऊन पाहिलं. बॉनेटभर कडीच कडी, ताकाचे थेंब उडाल्यासारखी. सकाळी हे मला सांगून गेले होते, "आज बघ, आरसा झालाय."

पाऊस तर सकाळनंतर पडलाच नाही.

२ ऑगस्ट
मुद्दाम खिडकीत बसले, भाजी निवडायच्या निमित्तानं. सर आली, गेली, ऊन पडलं. हे फडकं घेऊन बाहेर. सगळं पहिल्यासारखंच, तीच शिस्त. ठेव, उचल, पिळ. पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार तसंच राहिलं. थेंब चकाकत होते, मला इथून दिसत होते. हे दोन पावलं मागं झाले, मान तिरकी करून बघितलं आणि "झकास" म्हणाले. स्वतःशीच.

दुपारी ते झोपल्यावर मी जाऊन पुसलं. वाळलेले डाग फडक्यानं निघेनात. मग त्यांचीच युक्ती, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, थोडा वेळ ठेवायचं, मग ड्रममधल्या पाण्यानं धुवायचं. निघाले. वास मात्र लोणच्याचा.

का पुसलं? लोकांनी बघू नये म्हणून. आणि मलाही बघायचं नव्हतं म्हणून. खरं म्हणजे दुसरंच जास्त.

५ ऑगस्ट
एकदा लक्ष गेलं की सगळीकडं तेच दिसतं. पेपर हातात घेतात, मोठी अक्षरं वाचून ठेवून देतात. वर, "बातम्यांत राम राह्यला नाय." चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ठेवतात. मला वाटायचं सवय. मोबाइलवर मनूचा फोटो आला तर "तूच सांग कशी दिसतीय, मी चष्मा आणला नाय." चष्मा कपाळावरच होता.

साखर किती वर्षांची. गोळ्या मी देते तेव्हाच घेतात, नाहीतर विसरतात.

रात्रीच्या जेवणात विषय काढला. डोळे तपासून घेऊ, नुसते तपासू. "डोळ्याला काय धाड भरलीय माझ्या?" ताट सरकवलं. मोतीबिंदू असेल तर काही नाही, लोक सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात. साखरेनं असेल तर... नको. लिहीत नाही.

९ ऑगस्ट
राखीला गावाबाहेर वन्संकडं गेलो. जाताना ठीक. मी पुढं बसून सारखी बडबडत होते, "पुढं स्पीडब्रेकर बरं का", "तो रिक्षावाला बघा कसा आडवा घालतोय". चिडले. "तू चालवतीस का मी?" मला येत असती तर प्रश्नच नव्हता. गाडी घेतली तेव्हा शिक म्हणाले होते, मीच भ्याले.

परत येताना ऊन समोर. रस्त्यावर मेंढरं. अख्खा कळप, काही लपलेला नव्हता. गाडी तशीच चाललीय. मी ओरडले. ब्रेक लागला तेव्हा शेवटची मेंढी बंपरला टेकून पुढं पळाली. मेंढक्या काठी घेऊन काचेशी आला. "ओ दादा, दिसतंय का नाय? मेंढरं हायेत, दगडं नायत!"

ह्यांनी काच खाली करून माफी मागितली. गारखेड्यात शिरताना म्हणाले, "काचेवर पाण्याचे डाग बसलेत. ऊन आलं की सगळं पांढरं होतं, काय दिसत नाय."

मी लगेच व्हय म्हटलं. डाग आहेतच काचेवर. डागच असतील. देवा, डागच असू देत.

१० ऑगस्ट
आज काच घासली. हे कोपऱ्यावर केस कापायला गेले होते तेवढ्यात. व्हिनेगर, मग साधं पाणी, मग पेपरनं कोरडी. दोन्ही बाजूंनी. काच आहे का नाही कळू नये इतकी साफ झाली. आता निमित्त उरलं नाही.

दुपारी म्हटलं, बाजारातून नारळ आणायचाय, सोडा मला. समोर ऊन पडेल अशाच रस्त्यानं जा म्हटलं, तिकडं गर्दी कमी म्हणून. गेले. हळू चालवत होते. सिग्नलला पुढची गाडी हलली तरी हे थांबलेलेच, मागून हॉर्नवर हॉर्न. "काच आता बरीय," म्हणाले.

नारळ हातात घेऊन घरात आले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नळाला पाणी नव्हतंच.

१३ ऑगस्ट
मनूचा फोन, बराच वेळ. पाय सुजलेत. बीपी थोडं वर, डॉक्टर म्हणाले घाबरू नका पण जपा. जावई विकासरावांची पिकअप आहे, अद्रकीच्या पोत्यांची. तिच्यात तिला बसवत नाही, धक्के बसतात. "आई, बाबांनाच पाठव. बाबा किती सावकाश चालवतात. मी पोटावर हात ठेवून झोपत येईन."

पोटावर हात ठेवून झोपत. घाटातून.

"बाबा बरेत ना? आवाज असा का तुझा?"

बरेत म्हटलं. सर्दी झालीय म्हटलं. दुसरं काय सांगणार, पोरीचं बीपी वर आहे.

१६ ऑगस्ट
आज जे पाहिलं ते कुणाला सांगू.

दुपारी डोळा लागला होता. उठले तर हे अंथरुणात नाहीत. खिडकीतून पाहिलं, गाडीशी उभे. उजव्या हातात पातळ कॅरीबॅग घातलेली, मोज्यासारखी. बॉनेटवरून हात फिरवत होते, हळूहळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं. मला माहिताय ते. नुसत्या बोटाला जे कळत नाही ते प्लास्टिकमधून कळतं, डाग असला की खरखरतं. कारखान्यातली युक्ती. लग्न झालं त्या वर्षी घरच्या स्टीलच्या डब्यावर करून दाखवली होती मला, हौसेनं.

डोळे मिटलेले होते.

म्हणजे ह्यांना माहिताय. मी समजत होते, कळत नाहीये, आपण सांभाळून घेऊ. कळतंय त्यांना. मी त्यांच्यापासून लपवतेय आणि ते माझ्यापासून. एका जागी हात थांबला, तिथंच दोन-तीनदा फिरवला, मग फडकं ओलं करून तेवढंच टिपलं. पुन्हा हात फिरवला.

मी खिडकीतून सरकले. बघितलं हे त्यांना कळायला नको. राग पण आला. इतका आला की हाक मारणार होते. मग पोरीला आणायला जातो असं कशाला म्हणतो हा माणूस? स्वतःला दिसत नाही हे माहीत असून?

१७ ऑगस्ट
विकासरावांना फोन केला, हे देवळात गेले तेव्हा. म्हटलं, रविवारी तुम्हीच एखादी चांगली गाडी करून मनूला सोडता का. ते म्हणाले, "करतो की आई, त्यात काय. पण बाबांना काय सांगू? परवाच म्हणले, विकास, गाडी तयार ठेवलीय. लई खूश होते." मग हळूच, "काय झालंय का?"

नाही म्हटलं. पावसाचे दिवस म्हणून. राहू द्या, सांगते परत. एवढं साधं वाक्य आहे, ह्यांना दिसत नाही. तोंडातून निघत नाही. एकदा बोललं की माघारी घेता यायचं नाही. नातवाला मांडीवर घेतील, त्याचं तोंड दिसेल का, इथंच येऊन मन अडकतं.

२० ऑगस्ट
ह्यांनी बाजारातून दोन उशा आणल्या, फुलाफुलांच्या. मागच्या काचेला ऊन लागू नये म्हणून पडदा लावला, माझ्याच जुन्या साडीचा, विचारून घेतली. सीटवर स्वतः आडवे होऊन बघितलं. "तिला पाय सोडता आले पायजेत." शिट्टी वाजवत होते.

गाडीला वॅक्स पण लावलं, सावलीत, हातानं गोल गोल. आता पाणी थांबणार नाही, मोती होऊन घरंगळेल म्हणाले. मागच्या दारावर वॅक्सचा पांढरा पट्टा तसाच राहिलाय.

सलीमभाईंना गाठलं. सगळं नाही सांगितलं, ह्यांना थकवा असतो एवढंच. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. "संडे कू मेरी छुट्टी है काकी. मैं चलातूं. आवाज देव, बस." बरं वाटलं. पण ह्यांच्या हातातून किल्ली घ्यायची कुणी, ते माझ्याच वाट्याला.

२३ ऑगस्ट
काल पोळा. पिशोरला सगळे बैलांच्या मागं, मनू एकटी ओसरीत बसून फोनवर बोलली. बाळ फार हलतंय म्हणाली.

आज दिवसभर ठरवत होते, आत्ता सांगते, चहा झाल्यावर सांगते, दिवे लागल्यावर सांगते. एकदा "अहो" म्हटलं सुद्धा. त्यांनी मान वर केली आणि माझ्या थोडं डावीकडं बघितलं. "काय गं?" वरण गार होतंय म्हटलं.

बाहेर पाऊस लागलाय. उद्या घाट ओला असणार.

२४ ऑगस्ट
सकाळ. हे आंघोळीला गेलेत तेवढ्यात लिहितेय.

पाऊस पहाटे थांबला, ऊन आलं. हे उठून आधीच गाडीशी. मी ओटीचं सामान भरत होते. बाहेरून हाक आली, "शोभा, इकडं ये जरा."

गेले. बॉनेटजवळ उभे होते, हातात पिळलेलं फडकं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बघ बरं. डाग राह्यलेत का?"

लग्नापासून आजवर ह्या माणसानं मला रंगातलं काही विचारलेलं नाही. मी बघितलं. नाहीत म्हटलं असतं तर एव्हाना आम्ही निघालो असतो.

"आहेत," म्हटलं.

"कुठं?"

"सगळीकडं आहेत हो."

त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. "मग पूस तू. घासू नको, ठेव नि उचल." आणि जाऊन पायरीवर बसले. मी पुसलं. बॉनेट, दारं, टप, सगळं. नाक वाहत होतं, पदरानं पुसायलाही हात मोकळा नव्हता. मधेच त्यांनी विचारलं, "मागच्या दारावर पण होते काय?" होते म्हटलं. "कवापासनं?" मी फडकं पिळायला वाकले.

तेवढ्यात सलीमभाई आले, फाटकाशीच थांबले, इस्त्रीचा शर्ट घालून. पायरीपासून फाटक ते किती लांब. ह्यांनी त्यांच्याकडं तोंड केलं, डोळे बारीक केले आणि मला विचारलं, "कोण आलंय गं?"

हे उठले, भिंतीला हात लावत आत गेले. किल्ली त्यांच्याच खिशात.

आत्ता फोन वाजला. मनू. निघालात का, विचारायलाच केला असणार. मी तसाच वाजू दिला. बाथरूममधलं पाणी बंद झालं आणि आतून ह्यांचा आवाज आला, "घे की फोन. काय सांगायचं ते तूच सांग तिला."

वाजायचा थांबला. आता परत वाजतोय.