ड्रेन बोल्टची तार

१० ऑगस्ट १९९७, रविवार
गंगा चढलीये. दुर्गाघाटाच्या वरच्या पायऱ्याच तेवढ्या उघड्या. हवेत एवढा ओलावा की पांढरा रंग वाळताना धुरकट होतो. मॉडेलची पेट्रोलची टाकी तिसऱ्यांदा रंगवली, तिसऱ्यांदा खरवडली. वैताग.
किट जपानी आहे, शर्यतीची मोटरसायकल, खऱ्या गाडीचा बारावा हिस्सा. पण मला जपानी गाडी करायचीच नाही, सुधीरची करायची आहे. म्हणून निम्मे भाग बाजूला ठेवून प्लास्टिकच्या पट्टीतून नवे कापतोय.
आईला त्याचं पत्र. दसऱ्याला येतो म्हणतोय, चार वर्षांनी. पत्रात धाकट्या भावाने माझं नाव लिहिलेलं नाही. नेहमीसारखंच.

१२ ऑगस्ट
आधाराला फोटो एकच, पेपरातलं कात्रण. शर्यतीआधी सुधीर गाडीवर बसलाय, हातमोजा टाकीवर. भिंग धरलं की गाडी गायब, नुसते ठिपके. रेल्वेत अठरा वर्षं ड्राफ्ट्समन आहे मी, ठिपक्यांवरून माप कसं काढू?
टाकीवर पुढच्या बाजूला एक काळा डाग आहे. छपाईची शाई असणार. आराखड्यात घेतला नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
पुढचं मडगार्ड गच्चीवर वाळत ठेवलं होतं. माकडाने नेलं. समोरच्या छज्ज्यावर बसून चावून पाहिलं आणि टाकलं खाली गल्लीत. सापडलं, पण दातांच्या खुणांसकट. नवं करावं लागणार. वैजू हसत होती, बायकोला सगळ्याचं हसूच येतं. मला हसू आलं नाही.

२३ ऑगस्ट
ब्रेकची केबल. खरी पाच मिलिमीटर, म्हणजे इथे पॉइंट चार. बाजारातली वायर सगळी जाड. शेवटी जरीवाल्या रफीकचाचांकडे गेलो. त्यांनी रीळ पुढे केलं आणि विचारलं, "ये तो साड़ी का माल है बाबूजी, इसमें मोटरसाइकिल कहाँ से आ गई?"
समजावायला अर्धा तास गेला. पण तार मिळाली, केसासारखी. चाचांनी एक बारीक तुकडाही दिला, "इससे महीन पूरे बनारस में नहीं है" म्हणाले. महिन्याभरातली ही एकच गोष्ट मनासारखी झाली.

३१ ऑगस्ट, रवि.
वैजूशी वाजलं. ती म्हणाली, "अहो, तोंडाने एक वाक्य बोला त्याच्याशी. वाक्याला काही बारावा हिस्सा लागत नाही."
बोलणं सोपं आहे हिचं.
इथे लिहून टाकतो एकदाचं. सु. पडला, पाय मोडला, दोन महिने पलंगावर होता. तेवढ्यात मी त्याची गाडी भंगारात दिली. त्याला न विचारता. परत बसूच नये म्हणून. मी मोठा, मला वाटलं मला हक्क आहे. पाय बरा झाला, म्हणजे थोडा लंगडतो, आणि तो नागपूरला निघून गेला. त्या दिवसापासून माझ्याशी एक अक्षर नाही.
गाडी परत देता येत नाही. ही देता येईल. सगळं बिनचूक असलं तर मला काही बोलावंच लागणार नाही, असं मनात आहे. वैजूला ते कळलंय, त्याचाच राग येतो.

१४ सप्टेंबर, रवि.
आज जमलं!! इंजिनाच्या पोटाखाली ऑइलचा ड्रेन बोल्ट असतो. शर्यतीत तो सुटू नये म्हणून डोक्याला भोक पाडून तारेने बांधतात. सु. बांधताना मी पाहिलंय. सुईच्या टोकाने भोक पाडलं, चाचांची महीन जर ओवली, चिमट्याने पीळ दिला. चार बोल्ट मोडले, पाचवा राहिला. किटमध्ये असलं काही नव्हतं. हे पाहिल्यावर सु.ला कळेल की मी किती... जाऊ दे.

२८ सप्टेंबर, रवि.
पाऊस गेला. पांढरा रंग एकदाचा धड बसला. वीज मात्र सकाळपासून नाही, खिडकीत बसून गाडीवरचा शर्यतीचा आकडा रंगवला. आकड्याचं टोक किंचित वाकडं आलंय. कोणाला दिसणार नाही. मला दिसतं.

८ ऑक्टोबर
वार्निशचा शेवटचा हात. तीन दिवस बोट लावायचं नाही, घरात सगळ्यांना बजावलं. आईलासुद्धा. आई "बरं बरं" म्हणाली.

१० ऑक्टोबर, शुक्र., खंडेनवमी
सत्यानाश.
सकाळी आईला म्हणालो, माझा कंपास आणि पक्कड पूजेत ठेव. अंघोळ करून येतो तर पाटावर विळी, कात्री, कंपास, पक्कड, स्कूटरची किल्ली, आणि शेवटी ती. गाडी. टाकीवर कुंकवाचा ओला टिळा, वर अक्षता, हँडलला झेंडूची पाकळी.
"आई, हात लावायचा नाही म्हणालो होतो ना!"
"गाडीच आहे ना? आज किल्लीला लावायचं अन् गाडीला नाही, असं कसं?"
ओरडलो. खूप ओरडलो. अक्षता वार्निशमध्ये रुतलेल्या. त्या सुईने काढल्या. कुंकू आत मुरलंय, थिनर लावलं तर खालचा पांढरा सुटायला लागला. थांबलो. सु. उद्या येणार, पुन्हा रंगवायला वेळच नाही. दोन महिने गेले पाण्यात.

त्याच दिवशी, दुपारी
आई जेवताना हळूच म्हणाली, "सुधीर शर्यतीला निघायचा तेव्हा मीच लावून द्यायचे. कुणाला पुसू द्यायचा नाही."
कात्रण काढलं, भिंग धरलं. तो शाईचा डाग नव्हे. आईने आज लावलंय बरोबर तिथेच.
मला कसं माहीत नव्हतं? मी ऑफिसात असायचो. निघताना त्याला कधी पोचवायला गेलोच नाही.
आईला सॉरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वर "भात वाढ" म्हणालो, तेवढंच.

११ ऑक्टोबर, दसरा
आला. केस पांढरे व्हायला लागलेत. आईला सोनं दिलं, वैजूला दिलं, मला दिलं तेव्हा आपट्याचं पान हातात ठेवून नजर दुसरीकडे.
गाडी टेबलावर मुद्दाम ठेवली होती. त्याने दोन्ही हातांनी उचलली. केबल, साखळी, मडगार्ड, कशाकडेच पाहिलं नाही. टिळ्यावर अंगठा ठेवला.
"आईने?"
"हो."
मग गाडी उलटी केली. म्हणाला, "ड्रेन बोल्टची तार उलटी बांधलीस. तार बोल्ट आवळायच्या बाजूला ओढत राहिली पाहिजे. ही सुटायच्या बाजूला ओढते."
चार वर्षांनंतरचं पहिलं पूर्ण वाक्य. मी ज्यावर सर्वांत खूश होतो, तेच चुकलेलं. आणि जे बरोबर, ते मी पुसायला निघालो होतो. चीड आली, लाज वाटली, आणि बरंही वाटलं. कशाने नक्की, सांगता येत नाही.

१३ ऑक्टोबर
स्टेशनवर मी गेलो, आई म्हणाली म्हणून. गाडी दीड तास लेट. दीड तास दोघं एका बाकावर. वाक्य तयार होतं: तुला विचारायला हवं होतं. ते ओठांपर्यंत यायचं आणि मी दरवेळी विचारायचो, चहा घेणार का. तीन चहा झाले.
मॉडेल नेलं नाही त्याने. डब्यात चढताना म्हणाला, "तार सरळ केलीस की कळव."

१९ ऑक्टोबर, रवि.
जुनी तार कापली, जर पुन्हा ओवली. दोनदा तुटली. तिसऱ्यांदा बसली. आवळायच्या बाजूलाच आहे, तीनदा पाहिलं. टिळा तसाच ठेवलाय, आकड्याचं वाकडं टोकही.
आईकडून पोस्टकार्ड मागून घेतलं. आजवर त्याला पत्र तीच लिहीत आली. "सुधीर, तार सरळ केली" एवढं लिहिलं. एक ओळ भरली.
खाली अख्खं कार्ड कोरं आहे. सकाळपासून पुढ्यात घेऊन बसलोय.