जावयाचं छप्पर

काल्मिकिया,
१२ मे १९५७

ती. देल्गिरताईस,
धाकट्या एर्द्नीचा सा. न. वि. वि.

पोचलो गं! सायबेरियात हाकलल्याला तेरा वर्षं झाली, आता कुठे आपल्या मुलखात. परतीच्या गाडीत आईने बाबांसाठी शेजारची जागा धरून ठेवली होती. माणूस कुठंय म्हणून तपासनीस ओरडला. आई म्हणाली, जाताना तुमच्याच डब्यात गारठून गेला, येताना तरी बसू दे. तो टोपी काढून निघून गेला.

स्टेशनावर उतरताच तिने माती कपाळाला लावली आणि विचारलं, इथली झाडं कुणी नेली? झाडं इथे कधी नव्हतीच! तेरा वर्षं जंगलाला शिव्या दिल्या, आता सावली शोधत फिरते. पाणी खारट आहे. ती म्हणते अमृत आहे, तुझीच जीभ बिघडली. आपल्या रीतीनं चहात मीठ घालायचं मात्र गुपचूप सोडलंय.

जुन्या घराच्या जागी मेंढवाडा आहे. त्याच्याशेजारी मी मातीच्या विटांचं घर बांधतोय. तुम्ही कधी निघता? तुझी आमच्यावर माया आहेच, ती सामानाबरोबर आधी पाठवलीस तरी चालेल.

तुझा एर्द्नी

ओब नदीकाठ, सायबेरिया,
६ जून

चि. एर्द्नीस अ. आ.

पत्र वाचून हसले, मग रडले. पण तुम्ही म्हणजे कोण रे? मी एकटी की आम्ही दोघं? लग्नाला चार वर्षं झाली, आईने जावयाचं नाव एकदाही घेतलं नाही. तो रशियन, तो सुतार, आणि फार लाडात आली तर तो लांबुडका. तिचं दुःख कळतं मला. आपली माणसं आधीच किती उरली, त्यात मुलीनं परका केला. पण त्या पहिल्या हिवाळ्यात आपल्या दाराशी लाकडं कोण टाकून जायचं, ते विचार तिला.

स्तेपान यायला तयार आहे. आपली भाषा शिकतोय. काल शेजारच्या आजोबांना बरे आहात ना म्हणायला गेला आणि विकायचे आहात का म्हणाला. आजोबांनी किंमत सांगितली.

आईने स्वतः बोलावल्याशिवाय मात्र मी यायची नाही. जपून राहा. तुम्हा दोघांत माझा जीव अडकलाय.

ताई

४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

मी छप्पर घातलं. आईने विचारलं, टिकेल का? म्हटलं, शंभर वर्षं. गुरुवारपर्यंत टिकलं. वाऱ्यानं उचलून थेट शेजारच्या लिजीकाकांच्या अंगणात ठेवलं. काका अदबीनं विचारायला आले, छप्पर आमच्याकडे आलंय, ठेवून घेऊ की परत नेता?

आई दोन दिवस उघड्या घरात आभाळाखाली चहा पीत बसली. तेव्हा मी तुझा लाकडांचा प्रश्न काढला. ती म्हणाली, तोच होता. पावलं ऐकू यायची. दार उघडलं नाही, कारण आभार मानायला माझ्यापाशी त्यांच्या भाषेतला शब्द नव्हता. मग दटावून म्हणाली, बघतोस काय, लिही. स्तेपानला म्हणावं छप्पर उडालंय. माझ्या मुलीलाही घेऊन ये.

ताई, नाव घेतलं तिनं! मी बहिरा झाल्याचं सोंग करून पुन्हा म्हणवून घेतलं. शब्द पोचवला, पुढचं तुम्ही बघा.

एर्द्नी

२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

तू शिकवतेस ती शाळा तुला सोडेना म्हणून भावजींना पुढे धाडलंस ते बरं केलंस. छप्पर झालं. आता वाराच बिचारा लाजून वळसा घालून जातो. सगळी वस्ती आपापली छपरं घालून घ्यायला त्यांना न्यायला येते, आणि आई दारात उभी राहून ओरडते, माझा जावई आहे, बैल नाही, आधी जेवू द्या!

काल मेंढी कापली. मानाचं मुंडकं आईने भावजींपुढे ठेवलं. भावजी त्याच्याकडे बघतात, ते भावजींकडे. लिजीकाका कुरकुरले की हा मान परक्याला कसा? आई म्हणाली, ज्याला हा परका वाटतो त्यानं या छपराखालून उठावं आणि बाहेर वाऱ्यात जेवावं. बाहेर वारा सुटलेला. कुणीच उठलं नाही. काकांनीच भावजींना सुरी दिली.

आई शेजारी बसून सांगतेय, तेवढं लिहितो आणि थांबतो. घरातली सगळी घरी आली. परमुलखात राहिलेली आता तू एकटीच.

तुझा एर्द्नी